लंबकाची दुसरी तार

१

सोमवारी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधीच, लोखंडी गोळा पडला.

शाळेचा जिना गोल, तीन मजल्यांचा, मधे मोकळी जागा. त्या जागेत, छताखालच्या गर्डरपासून लांबच लांब तारेवर हा गोळा महिनाभर झुलत होता. त्याला म्हणायचं लंबक. तो खाली आला, त्याने फरशी फोडली, तिथून गडगडला आणि ग्रंथपालांच्या पायावर जाऊन थांबला. पाय दोन ठिकाणी मोडला. मुलं अजून फाटकाबाहेर होती म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं, हा विचार ज्याच्या त्याच्या मनात येत होता आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने आपली सर्व्हेअर पाठवली. कंपनीत तिला सगळे 'करवत' म्हणायचे. तोंडावर नाही हो, एवढी छाती कुणाची? पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. भरपाईचा दावा कितीही गुळगुळीत असो, ही त्याला मधोमध चिरायची आणि आतलं बघायची.

संस्थेचे अध्यक्ष दारातच उभे होते. "केस अगदी सरळ आहे मॅडम," त्यांनी नमनालाच सुरुवात केली. "हे यंत्र आम्ही विकत आणलेलं नाही. पालकांनी हौसेने बनवलं. टांगलं त्या लिफ्टवाल्याने, त्याची मुलगी इथे शिकते. तो आमचा नोकर नाही, ठेकेदार नाही. फुकट काम केलं त्याने. म्हणजे जबाबदारी त्याचीच. पोलिसांत तसंच देणार आहोत."

"फुकट काम घेताना आपला, आणि गोळा पडल्यावर परका?"

"कायद्याने परकाच ना!"

"कायद्याचं मी बघते. तुमच्या पॉलिसीत साधी गोष्ट आहे. शाळेच्या सांगण्यावरून काम करणारा माणूस, पगारी असो की फुकट, तो शाळेचा. त्याची चूक झाली तर कंपनी भरेल. पण कुणाला न विचारता, स्वतःच्या डोक्याने काही केलं असेल, तर दवाखाना, खटला, सगळं त्याच्या एकट्याच्या बोकांडी. लिफ्ट दुरुस्त करायचं लायसन्सही जाईल. ज्याने टांगलेली वस्तू पडली, त्याला लिफ्टला कोण हात लावू देणार?"

फुटलेल्या फरशीपाशी एक माणूस उकिडवा बसला होता. निळा शर्ट, कमरेला पान्यांचा पट्टा. तो उठला.

"मॅडम, मीच तो लिफ्टवाला," तो म्हणाला. "जे केलं ते मी माझ्या डोक्याने केलं. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं."

करवत त्याच्याकडे बघतच राहिली. कानावर हात ठेवणारे तिने ढिगाने पाहिले होते. न ढकलता विहिरीत उडी मारणारा हा पहिलाच.

२

छतालगतच्या माळ्याच्या दाराला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापिकांच्या कमरेच्या जुडग्यात, दुसरी किल्ली नाही. पांढरे केस, ताठ मान, भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेलं. सारी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्यांनी कुलूप काढलं, आणि "सावकाश जा, शिडी अरुंद आहे," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

वर गर्डरला लिफ्टवाल्याने बसवलेली कडी होती. तिच्यातून पोलादी क्लॅम्प लोंबत होता, आणि क्लॅम्पच्या तोंडात तुटलेल्या तारेचा तुकडा. करवतीने भिंग लावलं. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट आणि घासलेला, अर्धा नवा आणि चकचकीत. म्हणजे तार एका झटक्यात तुटली नव्हती. क्लॅम्पच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, रोज थोडी थोडी झिजत गेली होती.

"तार एकच होती?"

"एकच."

"आणि ही कोण?"

वीतभर अंतरावर दुसरी कडी होती. रिकामी. पण तिच्या आट्यांवर ताजं ग्रीस होतं, धुळीचा कण नव्हता. नट परत बसवलेला होता आणि तो सुटू नये म्हणून त्यात पिन घालून तिचे पाय वाकवलेले होते. चोराने किंवा हौशी माणसाने तार काढली असती तर नट इथेच कुठेतरी टाकून दिला असता. रिकाम्या कडीचा नटसुद्धा जागच्या जागी ठेवणारा माणूस समोरच उभा होता.

"लिफ्टला किती दोर असतात हो?"

"चार, पाच, सहा. लिफ्टवर असतं."

"एकाने भागत नाही?"

"लिफ्टची गोष्ट वेगळी, मॅडम." तो खाली बघत म्हणाला.

"बरं. क्लॅम्प कुणी बनवला?"

"मीच."

"खोटारडा!" खालून, तिन्ही मजले दणाणतील अशा आवाजात कुणीतरी ओरडलं. "मॅडम, तो मेला खोटं बोलतोय! क्लॅम्प मी बनवलाय! धरायचं तर मला धरा!"

करवतीने कपाळाला हात लावला. या शाळेत गुन्हेगार शोधायला यावं तर इथे रांगच लागली होती.

३

ओरडणारी लेथवर काम करायची. स्वतःचं वर्कशॉप, दोन कारागीर हाताखाली, मुलगा याच शाळेत, आणि जिभेला लगाम नाही. गोळा तिनेच कातला होता. लंबकाच्या या उद्योगात तीन जणं होती. ग्रंथपालांनी पुस्तकात वाचून कल्पना काढली, लेथवालीने गोळा आणि क्लॅम्प केला, लिफ्टवाल्याने टांगला.

"ताई, माझी चूक तुम्हाला दाखवते," माळ्यावरून काढून आणलेला क्लॅम्प हातात घेऊन ती म्हणाली. "ही कड बघा. बोट फिरवा. कशी आहे?"

"धारदार."

"आमच्या धंद्यात हाच मान. कड कशी कापल्यासारखी हवी. मी जीव ओतून कड काढली हो! आणि त्याच कडेवर तार दिवसभर इकडून तिकडे वाकत राहिली. गोलाई ठेवली असती तर वर्षानुवर्षं टिकली असती. आपल्याच हाताने धोंडा पाडला, आणि तोही दुसऱ्याच्या पायावर." तिचे डोळे भरून आले.

"तार का तुटली ते समजलं," करवत म्हणाली. "पण तार तुटली तरी गोळा पडायला नको होता. दुसरी तार कुठे गेली?"

लेथवाली गप्प झाली. तिच्यासारख्या बाईने गप्प होणं म्हणजे मोठीच गोष्ट. मग सुस्कारा टाकून तिने सांगितलं.

दुसरी तार होती. सैल सोडलेली, वरच्या कडीपासून गोळ्यापर्यंत. पहिली तुटलीच तर गोळ्याला झेलायला. पण तिच्यामुळे एक घोळ झाला. लंबक म्हणे सरळ रेषेत झुलायला हवा, आणि ती रेषा जमिनीवर हळूहळू सरकत जायला हवी. खाली वर्तुळात लाकडी सोंगट्या मांडायच्या, गोळ्याने त्या ओळीने एकेक पाडायच्या. पण दुसरी तार ओढ द्यायची. गोळा अंड्यासारखा फिरायचा आणि सोंगट्या मनाला येईल तशा पाडायचा.

"मी त्याला किती वेळा सांगितलं, काढ रे ती तार. तर म्हणाला, अख्ख्या जगाने सांगितलं तरी एका तारेवर मी काही टांगणार नाही. शुक्रवारी आमचं यावरून भांडण झालं. तेव्हा तार होती, मी डोळ्यांनी पाहिली."

करवत तिथून तडक दवाखान्यात गेली. ग्रंथपालांना शाळेत सगळे पुस्तककाका म्हणायचे. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला, आणि चेहरा बघावा तर नुकताच नातू झाल्यासारखा.

"लंबक रोज सकाळी मीच सुरू करायचो," ते म्हणाले. "गोळा बाजूला ओढायचा, दोऱ्याने कठड्याला बांधायचा, आणि दोरा मेणबत्तीने जाळायचा. हाताने सोडला तर हाताचा धक्का लागतो. जाळला की तो आपला आपण निघतो. साधा पांढरा दोरा, कपडे शिवायचा."

"सोमवारी काही वेगळं दिसलं?"

त्यांनी तिचा हातच धरला. "अहो, वेगळं काय विचारता! सोंगट्या ओळीने पडत होत्या! एक पडली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची! महिनाभर जे झालं नाही ते झालं. मी जवळ गेलो, वाकलो, आणि गोळा आला खाली. मॅडम, पाय मोडला, कबूल. पण पृथ्वी फिरली हो! मी पाहिली!"

पाय मोडल्यावर इतका खूश माणूस करवतीने जन्मात पाहिला नव्हता. पण ते निरागसपणे बोलून गेले आणि तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. सोंगट्या ओळीने पडत होत्या, म्हणजे पुस्तककाका शाळेत येण्याआधीच दुसरी तार काढलेली होती. आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती.

४

ती शाळेत परत आली तेव्हा मुलं घरी गेली होती. जिन्याच्या तळाशी ती कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. गजाला जळक्या दोऱ्यांची टोकं चिकटली होती. पुस्तककाकांनी महिनाभर बांधलेले पांढरे दोरे.

आणि त्यांच्यात एक जांभळा. रेशमी, भरतकामाचा. पांढऱ्यांच्या वर, पण अगदी सगळ्यात वर नाही. त्याच्यावर एकच पांढरी गाठ होती. म्हणजे जांभळा दोरा सोमवारच्या आधी बांधलेला, आणि शेवटून दुसरा. शुक्रवारी दुसरी तार जागेवर होती, रविवारी शाळा बंद, उरला शनिवार.

बाईंच्या खोलीत टेबलावर भरतकामाचं कडं पडलं होतं. पांढऱ्या कापडावर जांभळी फुलं, निम्मी झालेली.

"शनिवारी तुम्ही लंबक सुरू केलात," करवत म्हणाली.

बाईंनी कडं उचलून खणात ठेवलं.

"माळ्याची किल्ली फक्त तुमच्याकडे. तार काढली लिफ्टवाल्याने, त्याचा हात मी ओळखला. पण तो सगळ्या जगाचं ऐकायला तयार नव्हता. मग कुणाचं ऐकलं त्याने? बाई, तो याच शाळेत शिकला का?"

मग बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझा दोरा कुणीही नेला असेल. तुम्ही आता जा."

जाताना करवतीने दारात थांबून एवढंच सांगितलं, "उद्या दुपारी मी लंबक पुन्हा टांगून बघणार आहे. एका तारेवर. तो लिफ्टवाला सगळं अंगावर घेतोय, बाई. तुम्ही गप्प राहिलात तर मलाही त्याच्याच नावावर लिहावं लागेल."

५

दुसऱ्या दिवशी लेथवालीने क्लॅम्पच्या कडा घासून गोल करून आणल्या. जिन्याच्या तळाशी वाळूची पोती पसरली. त्यांच्या पलीकडे लाकडी फळ्यांवर सोंगट्यांचं वर्तुळ, आणि सगळी माणसं पायऱ्यांवर, खाली कुणीही नाही. अध्यक्ष रुमालाने घाम पुसत होते. बाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या. लिफ्टवाला मात्र टांगून झाल्यावर खाली आलाच नाही. तो वर माळ्यावरच थांबला.

करवतीने काठीला बांधलेल्या मेणबत्तीने दोरा जाळला. गोळा निघाला.

तिला या प्रयोगातून एकच गोष्ट तपासायची होती, की एका तारेवर तो सरळ जातो का. तो सरळ गेला. तिकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. आवाज नाही, घाई नाही. काम झालं होतं, ती उठायलाच निघाली होती. तेवढ्यात टक् झालं आणि एक सोंगटी पडली. बऱ्याच वेळाने तिच्या शेजारची पडली.

"तो वळत नाहीये," लेथवाली तिच्या कानाशी कुजबुजली. "त्याला वळवणारं तिथे कोण आहे? तो आपली वाट सोडत नाही. फरशी फिरतेय, ताई. जिना, शाळा, तुम्ही, मी."

करवतीने कठडा घट्ट पकडला. शाळेत असताना हे वाक्य तिने घोकलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरली होती. आज ते तिच्या पायाखाली होतं. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीत इतका आनंद होता की तिला स्वतःचंच नवल वाटलं. अध्यक्षांचा रुमाल हातातच राहिला होता. तेही तोंड उघडं टाकून बघत होते.

तिसरी सोंगटी पडली तेव्हा ती बोलली. "शनिवारी इथे हेच झालं. तार पुस्तककाकांनी काढली नाही, त्यांना ठाऊकच नव्हतं. लेथवालीने काढली नाही, तिच्याकडे किल्ली नव्हती. काढली लिफ्टवाल्याने, नट जागच्या जागी ठेवून. पण ज्याचा नियम जगासाठी मोडत नाही, त्याचा तो एकाच माणसासाठी मोडतो. आणि त्या माणसाने दोरा जाळला, जांभळा."

"मी," बाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. "मीच सांगितलं त्याला. इतकी वर्षं मुलांना सांगत आले, पृथ्वी फिरते. पाहिली कधीच नाही. त्याला म्हटलं, अरे, एकदाच दाखव मला. तो नाहीच म्हणत होता. शेवटी म्हणाला, दाखवतो, पण गोळा थांबेपर्यंत अंधार होईल, तार लावायला उजेड लागतो, तेव्हा सोमवारी मी ती लावेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं." "आणि मी विसरले. जे पाहिलं त्याच्या धुंदीत दोन दिवस अशी होते, की पुस्तककाकांना निरोप द्यायचाच राहिला. गोळा पडला तेव्हा आठवलं. मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

"बाई, बोलताय काय तुम्ही!" अध्यक्ष भानावर आले. "खुर्ची जाईल तुमची!"

"जाऊ दे. माझ्या विद्यार्थ्याच्या पोटावर पाय देऊन ती मला नको."

"बाई, उगाच काही सांगू नका!" माळ्यावरून आवाज आला. "मॅडम, त्यांचं ऐकू नका, माझ्याच डोक्यातून..."

"गप रे!" बाई ओरडल्या, आणि वर्गात ओरडा बसल्यासारखा तो गप्प झाला.

करवतीने अध्यक्षांकडे वळून सांगितलं, "मुख्याध्यापिकेने सांगितलं, तिच्या किल्लीने माळा उघडला, तिच्या देखत काम झालं. माणूस शाळेचा. पुस्तककाकांचा दवाखाना कंपनी करेल. याच्या लायसन्सला कुणी हात लावायचा नाही, आणि पोलिसांत जायचं असेल तर आधी माझा अहवाल वाचून जा."

वरून मग कुणीतरी मोठ्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"पण मला एक सांगा," करवतीने वर मान करून विचारलं. "एका तारेवर काही टांगत नाही म्हणता, आणि शनिवारी टांगलंत. कसं धजावलात?"

"टांगलं नाही मॅडम. शनिवारी गोळा झुलत होता तोवर मी गर्डरवर बसून होतो. दुसऱ्या तारेचं टोक कमरेला बांधून, पहिलीजवळ हात धरून. ती सुटली असती तर धरली असती."

"वेडा आहेस का?" लेथवाली किंचाळली. "तुझ्यासकट आला असता खाली!"

"मग दुसरं काय करणार होतो? बाईंना बघायचं होतं."

आत्ताही तो तिथेच होता. करवतीला खालून त्याचा हात दिसला, तारेच्या बाजूला, न टेकवता धरलेला. म्हणजे ज्याने हे सगळं टांगलं, त्याने अजून काहीच पाहिलेलं नव्हतं. वरून नुसता तारेचा शेंडा हलताना दिसतो.

"खाली ये," बाई म्हणाल्या.

"वर कुणीतरी हवं ना, बाई."

"नको. खाली वाळू आहे, माणूस नाही. पडला तर वाळूत पडेल. ये म्हणते ना."

तो आला. प्रत्येक मजल्यावर थांबून वर बघत, नाइलाजाने आला. बाईंनी सरकून जागा केली. तो पायरीवर टेकला आणि गोळ्याकडे बघू लागला. गोळा जात होता, येत होता, आणि बऱ्याच वेळाने शेजारची सोंगटी पडली.

त्याने दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकवली, काही लागतं का ते बघितल्यासारखी.

"बाई, आपण हललो?"

"हललो."

"लिफ्ट कितीही चांगली असू दे, निघताना पायाला थोडा तरी धक्का कळतो. आयुष्य गेलं माझं त्यात. आणि ही एवढी मोठी... काहीच कळत नाही हो! किती मऊ चालते!" तो थांबला. मग लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "हिला किती तारा आहेत?"

"एकही नाही रे," बाई म्हणाल्या.

लिफ्टवाल्याने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने बाईंचा हात धरला आणि तो किती तरी वेळ सोडलाच नाही.